वारसा रोज पुसावा लागतो

काही दिवसांपूर्वी आठवीच्या वर्गात एक व्हिडिओ दाखवला. आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे आणि कधीकधी वीजही असते. त्या दिवशी दोन्ही जुळून आलं. मराठीच्या तासाला प्रवासवर्णन शिकवत होतो. गाडीचा विषय निघाला आणि लक्षात आलं, की समोरच्या चाळीस मुलांपैकी एकानंही वाफेचं इंजिन चालताना पाहिलेलं नाही. म्हणून इंग्लंडमधल्या एका वारसा रेल्वेचा व्हिडिओ लावला. पहाटेचा अंधार, शेडमध्ये उभं असलेलं काळं इंजिन आणि पुढचं गोल दार उघडून आतली राख फावड्यानं बाहेर ओढणारी, साठीच्या पुढची एक बाई. चेहरा काजळीनं माखलेला.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्यांना पगार किती मिळतो?"

म्हटलं, "काहीच नाही. उलट संस्थेची वर्गणी ह्याच भरतात."

वर्ग क्षणभर गप्प. मग तोच मुलगा म्हणाला, "मग येड्या आहेत का, सर?"

वर्ग हसला, मीही हसलो आणि तास संपला. पण उत्तर द्यायचं राहून गेलं. घरी आल्यावर वाटलं, की हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. आपल्या सगळ्यांच्याच मनात तो असतो, फक्त आपण तो इतक्या प्रामाणिकपणे विचारत नाही. म्हणून हा लेख. त्या मुलाला द्यायला हवं होतं ते उत्तर जरा सविस्तर लिहितो आहे.

गोष्ट सुरू होते वेल्समध्ये. टाउइन नावाच्या समुद्रकाठच्या गावातून डोंगराकडे जाणारी टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे आहे. लांबी जेमतेम सव्वासात मैल, रुळांमधलं अंतर सव्वादोन फूट. १८६०च्या दशकात पाटीचा दगड खाणीतून खाली आणण्यासाठी ती बांधली गेली. १९४६ साली खाण बंद पडली. रेल्वेचे मालक सर हेन्री हेडन जोन्स हे जुने खासदार. मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल, असा त्यांचा शब्द होता आणि त्यांनी तो पाळला. १९५०च्या जुलैमध्ये ते वारले. रुळांवर गवत, स्लीपर कुजलेले, दोन इंजिनांपैकी एकच कसंबसं चालणारं. हिशेबानं पाहिलं तर रेल्वे भंगारात जाणार हे ठरलेलंच होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात काही माणसं जमली. पुढाकार टॉम रोल्ट नावाच्या लेखकाचा. प्रशिक्षित इंजिनियर, जुन्या कालव्यांवर आणि यंत्रांवर लिहिणारा. प्रस्ताव साधा होता: ही रेल्वे आपण चालवू. आपण म्हणजे कोण? तर ज्यांना वाटतं ते. १४ मे १९५१ रोजी या स्वयंसेवकांची पहिली गाडी निघाली. जगात असं आधी कुणी केलेलं नव्हतं. प्रवासी रेल्वे म्हणजे सरकारनं चालवायची किंवा कंपनीनं. हौशी माणसांनी रविवारची सुट्टी देऊन ती चालवायची, ही कल्पनाच लोकांना हास्यास्पद वाटली. दोनच वर्षांनी, १९५३ साली, अशाच एका रेल्वेवर विनोदी इंग्रजी चित्रपटही निघाला.

पण गाडी चालत राहिली. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ साली बंद पडली होती. तिच्या रुळांचं माप नेमकं हेच. तिची दोन इंजिनं पंचवीस-पंचवीस पौंडांना विकत घेतली, दुरुस्त केली आणि रुळावर आणली. आपली मुलं टीव्हीवर 'थॉमस' नावाचं निळं इंजिन पाहतात ना? त्याचे जनक रेव्हरंड ऑड्री हे पाद्री. तेही सुरुवातीच्या काळात टॅलिलिनवर स्वयंसेवक म्हणून राबले होते आणि त्या रेल्वेच्या गमतीजमती त्यांनी आपल्या गोष्टींत घातल्या. टॅलिलिन आज सत्तर वर्षांनंतरही चालते आहे.

पुढची गोष्ट अधिक मोठी आहे. १९५५ साली ब्रिटिश रेल्वेनं आधुनिकीकरणाची योजना जाहीर केली: वाफ जाणार, डिझेल आणि वीज येणार. १९६० साली त्यांनी आपलं शेवटचं वाफेचं इंजिन बांधलं आणि १९६८च्या ऑगस्टमध्ये मुख्य मार्गांवरची वाफ संपवली. हजारो इंजिनं भंगारात निघाली. त्यातली २९७ साउथ वेल्समधल्या बॅरी या बंदरावर वुडहॅम नावाच्या भंगारवाल्याकडे गेली. या गृहस्थानं आधी जुने वाघिणीचे डबे तोडायला घेतले, कारण ते सोपं काम होतं. इंजिनं उद्यावर टाकली. तो उद्या वीस वर्षं आलाच नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात इंजिनं गंजत उभी राहिली. पितळेचे भाग चोरीला गेले, झाकणं गेली, नळ्या गेल्या. आणि मग एकेक गट येऊ लागला. शाळामास्तर, कारकून, दुकानदार, विद्यार्थी. वर्गणी काढून एकेक सांगाडा विकत घेऊ लागला. २९७ पैकी २१३ इंजिनं अशी वाचली. शेवटचं इंजिन १९९० साली तिथून हललं.

२१३ हा आकडा मला फार मोठा वाटतो. हा सरकारी योजनेचा आकडा नाही. कुणा एका धनिकाच्या दानाचाही नाही. आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणू शकणाऱ्या शेकडो छोट्या गटांचा तो आकडा आहे.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, छान आहे, हौस आहे. इथेच थोडं थांबायला हवं, कारण इंजिन विकत घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम नंतर सुरू होतं आणि ते कधीच संपत नाही.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, भुसावळच्या लोको शेडमध्ये होते. खलाशी म्हणून लागले, मग क्लीनर, मग फायरमन. रात्री-अपरात्री कॉलबॉय दार ठोठवायचा आणि नाना लाइनबॉक्स उचलून निघायचे. त्यांच्या उजव्या हाताच्या कोपराखाली भाजल्याचा एक लांब डाग होता. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत त्यांना इंजिनाच्या गोष्टी विचारत असे. म्हणून वारसा रेल्वेवाल्यांच्या कामाचं वर्णन मी वाचतो तेव्हा मला ते परकं वाटत नाही. शब्द इंग्रजी असतात, पण घाम ओळखीचा असतो.

वाफेचं इंजिन बटण दाबून सुरू होत नाही. सकाळी दहाची गाडी असेल तर पहाटेच कुणीतरी शेडमध्ये यावं लागतं. कालची राख आणि अर्धवट जळलेला कोळसा काढायचा. तेलात भिजवलेल्या चिंध्या, मग लाकडं, मग कोळसा असा जाळ हळूहळू वाढवायचा. घाईनं तापवलं तर धातू ठिकठिकाणी वेगवेगळा फुगतो, जोड सुटतात. तोवर दुसऱ्यानं तेलाची बुधली घेऊन इंजिनाखाली शिरायचं आणि प्रत्येक सांध्याला तेल द्यायचं. एक सांधा विसरला तर तो वाटेत तापून वितळतो. सगळ्यात महत्त्वाचं पाणी. भट्टीचं छप्पर कायम पाण्याखाली असायला हवं. पाणी कमी झालं तर त्या छपरात बसवलेली शिशाची खुंटी वितळते आणि वाफ खाली आगीवर येते. फायरमनला तो शेवटचा इशारा. नाना म्हणायचे, "काच की नली पे नज़र, बाकी सब बाद में." पाण्याची पातळी दाखवणारी ती काचेची नळी. घरात बसून चहा पितानाही त्यांची नजर कपातल्या चहाच्या पातळीवर असायची, असं आमची नानी चिडून सांगायची.

आणि मग बॉयलर धुणं. पाणी उकळत राहिलं की त्यातला चुना आणि माती तळाशी बसते. ठराविक दिवसांनी इंजिन गार करायचं, झाकणं उघडायची आणि जोरात पाणी मारून, सळया घालून तो गाळ काढायचा. नाही काढला तर गाळाखालचं लोखंड तापून फुगतं. ब्रिटनमध्ये या इंजिनांच्या बॉयलरची दरवर्षी तपासणी होते आणि साधारण दहा वर्षांनी तर बॉयलर सांगाड्यावरून उचलून, नळ्या काढून, आतून-बाहेरून तपासावा लागतो. या मोठ्या दुरुस्तीला वर्षानुवर्षं लागतात, पैसा प्रचंड लागतो. म्हणजे असं, की दहा वर्षं चालवायचं, मग उघडून बसायचं, पुन्हा जोडायचं, पुन्हा दहा वर्षं. ज्या माणसानं तरुणपणी एखादं इंजिन जोडलं, तो म्हातारपणी तेच इंजिन तिसऱ्यांदा उघडताना दिसतो. यात 'झालं एकदाचं' असा दिवस नाही.

मी शिक्षक आहे, त्यामुळे मला या सगळ्यात सर्वांत जास्त कशाचं कुतूहल वाटतं ते सांगतो. हे ज्ञान माणसाकडून माणसाकडे गेलं कसं? बँकेतल्या कारकुनाला बॉयलरची नळी बसवायला कुणी शिकवली? तर निवृत्त रेल्वे कामगारांनी. १९६०-७०च्या दशकात ज्यांच्या नोकऱ्या वाफेबरोबर गेल्या, असे ड्रायव्हर, फायरमन, फिटर या वारसा रेल्वेंवर आले आणि हौशी पोरांना शिकवू लागले. ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे १९६० साली सुरू झाली, तेव्हा देशात वाफ अजून चालू होती. जाणते हात अजून होते. वीस वर्षं उशीर झाला असता तर पुस्तकं मिळाली असती, हात मिळाले नसते.

आजही तिथं नवा माणूस आला की त्याला इंजिन चालवायला देत नाहीत. तो डॉक्टर असो की वकील, आधी क्लीनर. चिंधी घेऊन चाकं पुसायची. पुसता पुसता कळतं, कुठली तडीव जुनी, कुठली नवी, कुठला बोल्ट सैल आहे. मग परीक्षा, मग फायरमन, मग अनेक वर्षांनी ड्रायव्हर. बी.एड. करताना आम्ही 'कृतीतून शिक्षण' या विषयावर वहीभर टिपणं काढली होती आणि परीक्षेत ती जशीच्या तशी उतरवून पास झालो होतो. कृती त्यात एकच होती, लिहिण्याची. या शेडमध्ये त्या दोन शब्दांचा खरा अर्थ दिसतो.

हात गेले की काय होतं याचं उदाहरणही तिथंच आहे. 'ए-वन' नावाच्या जातीची ४९ मोठी इंजिनं १९४०च्या दशकाच्या शेवटी बांधली गेली आणि सगळीच्या सगळी भंगारात गेली. एकही वाचलं नाही. १९९० साली काही लोकांनी ठरवलं, की पन्नासावं बांधू. नव्यानं, जुन्या आराखड्यांवरून. पैसा कुठून? लोकांना आवाहन केलं, की आठवड्याला एक पेला बिअरची किंमत द्या. म्हणजे दर आठवड्याला सव्वा पौंड. (बिअर आपल्या कामाची नाही, आपण दोन कटिंग चहा धरू.) अठरा वर्षं लागली, सुमारे तीस लाख पौंड लागले आणि २००८ साली 'टॉर्नेडो' रुळावर आलं. पण त्याचा बॉयलर ब्रिटनमध्ये बनू शकला नाही. जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यातून बनवून आणावा लागला. ज्या देशानं जगाला रेल्वे दिली, त्या देशाला चाळीस वर्षांत एवढ्या मोठ्या बॉयलरसाठी परदेशी जावं लागलं. कला अशी जाते, आवाज न करता.

आता आक्षेप. ते खोटे नाहीत, म्हणून टाळत नाही.

पहिला: हे पोट भरलेल्या लोकांचे चोचले आहेत. पेन्शन आहे, शनिवार-रविवार आहे, म्हणून इंजिन पुसायला वेळ आहे. खरं आहे. ज्याला दिवसाची मजुरी बुडवून यावं लागेल, त्याला मी हे सांगायला धजणार नाही. पण १९५१ साली ब्रिटनमध्ये अजून रेशनिंग चालू होतं, हेही विसरू नये. आणि आपल्याकडेही पेन्शनवाले, सुट्टीवाले, व्हॉट्सअॅपवर दिवसाचे तीन तास घालवणारे काही थोडे नाहीत. त्यात मीही आलो.

दुसरा: ही साम्राज्याची आठवण आहे. याच वाफेवर इथला कापूस बंदराला गेला, आपण तिचं कौतुक का करायचं? आक्षेप योग्य. रेल्वे इथं आली ती आपल्या सोयीसाठी नव्हे. पण इंजिन ज्यांनी आखलं ते एक आणि ज्यांनी त्यात कोळसा टाकला ते दुसरे. भुसावळच्या शेडमध्ये दसऱ्याला इंजिनं धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी करत. नाना त्या दिवशी नारळाचा प्रसाद आणि पेढे रुमालात बांधून घरी आणत. त्यांच्या दृष्टीनं ते इंजिन राणीचं नव्हतं, शेडचं होतं. माझा वारसा म्हणाल तर तो आहे.

तिसरा: कोळसा. हा आक्षेप सर्वांत अवघड आहे. वेल्समधली फोस-इ-फ्रान ही मोठी उघडी खाण २०२३ साली बंद झाली आणि तिथल्या वारसा रेल्वेंना बाहेरून कोळसा आणावा लागू लागला. भुकटीपासून दाबून बनवलेल्या गोळ्यांचे प्रयोग चालू आहेत. ज्या जगात आपण धूर कमी करायला निघालोय, तिथं हौसेसाठी धूर करावा का? मला वाटतं, एवढ्या थोड्या इंजिनांचा धूर हा मुख्य प्रश्न नाही. पण त्यांनाही उत्तर शोधावंच लागेल आणि ते शोधताहेत.

आता घरी येऊ.

आपल्याकडे वाफ फार उशिरापर्यंत होती. चित्तरंजनच्या कारखान्यात ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली बनलं आणि ब्रॉडगेजवर वाफ संपली ती १९९५ साली. विदर्भातल्या आपल्या 'शकुंतले'वर तर १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत राबत होतं. सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. दिल्लीचं रेल्वे संग्रहालय १९७७ पासून आहे. १८५५ सालचं 'फेअरी क्वीन' पुन्हा चालवून दाखवलं. हरयाणात रेवाडीच्या शेडमध्ये काही इंजिनं जिवंत ठेवली आहेत आणि ती ठेवणारे कामगार कौतुकाला पात्र आहेत. पण हे सगळं वरून आलेलं. यात तुमच्या-माझ्यासारख्याला जागा नाही. तिकीट काढा, फोटो काढा, घरी जा.

नेरळ-माथेरानचं उदाहरण पाहा. ही गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली, १९०७ साली सुरू झाली. एका बोहरा कुटुंबानं पदरचे लाखो रुपये घालून डोंगरावर चढवलेली ही गाडी. आमच्या समाजातल्या भाषणांत पीरभॉय यांचं नाव अभिमानानं घेतलं जातं. घ्यायलाच हवं. पण त्या गाडीसाठी जर्मनीहून आणलेल्या चार वाफेच्या इंजिनांपैकी एक पुढे इंग्लंडला गेलं, हे किती जणांना माहीत असतं? आपण नाव जपलं आणि तिकडच्या लोकांनी इंजिन.

नानांबरोबरची एक आठवण सांगतो. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही एका लग्नासाठी दुसऱ्या शहरात गेलो होतो. तिथल्या स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर एक वाफेचं इंजिन ठेवलं होतं. काळा रंग, लाल चाकं, पिवळ्या पट्ट्या, भोवती साखळी. नानांना वाटलं असेल आनंद होईल, म्हणून मामांनी मुद्दाम रिक्षा थांबवली. नाना ऐंशीच्या घरात. साखळी ओलांडून ते हळूहळू चाकांपाशी गेले, चाकांना जोडणाऱ्या लांब दांड्यावर हात ठेवला. त्या दांड्यावरही लाल रंग होता. सांध्यात, तेलाच्या छिद्रात, सगळीकडे रंग. ते म्हणाले, "इसको तेल चाहिए था. रंग लगा दिया." एवढंच. परत रिक्षात येऊन बसले, हाताला न लागलेला रंग रुमालानं पुसत राहिले.

त्या स्टेशनावर कुणाचा वाईट हेतू नव्हता. रंगवणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगू शकणारा माणूस साखळीबाहेर होता. दुखणं इथंच आहे. आपल्याकडे जाणत्या हातांची कमतरता नव्हती. त्यांना बोलवायला कुणी गेलं नाही. नाना गेले आणि त्यांच्याबरोबर काय काय गेलं ते मला सांगताही येत नाही, कारण मी विचारलंच नाही. मी गोष्टी विचारल्या, काम विचारलं नाही.

आपल्या दीनमध्ये सदका-ए-जारियाची कल्पना आहे. असं दान, की ज्याचा फायदा देणाऱ्याच्या मागेही चालू राहतो. विहीर खोदणं, झाड लावणं, मदरसा बांधणं. लहानपणापासून ऐकत आलो. पण विहीर ज्यानं खोदली त्याचं नाव दगडावर असतं. दर उन्हाळ्यात आत उतरून गाळ काढणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. तो उतरला नाही तर मात्र चार पावसाळ्यांत विहिरीचा खड्डा होतो आणि दगडावरचं नाव तेवढं राहतं. सवाबाचा हिशेब अल्लाहकडे. पण माझ्या अल्पमतीला वाटतं, की 'जारिया' म्हणजे चालू राहणारं, तर ते चालू ठेवणाऱ्याचाही त्यात वाटा असला पाहिजे.

आपण सगळे, हिंदू-मुसलमान, उर्दूवाले-मराठीवाले, वारशाबद्दल फार बोलतो. किल्ला कुणाचा, मशीद कुणाची, भाषा कुणाची, यावर डोकी फोडतो. पण किल्ल्याच्या तटावर उगवलेला पिंपळ उपटायला रविवारी किती जण जातात? जाणाऱ्या तरुणांचे गट महाराष्ट्रात आहेत, गडावरच्या टाक्यांतला गाळ काढणारी पोरं आहेत, त्यांना माझा सलाम. आमच्यात मात्र असं चित्र कमी दिसतं, हे मी आपला म्हणून सांगतो. उर्दूच्या जलशांना शामियाना कमी पडतो. त्याच गावातल्या उर्दू कुतुबखान्याचं कुलूप सहा महिने उघडलेलं नसतं आणि आत वाळवी निवांत वाचत बसलेली असते.

काय करता येईल? इंजिनांपुरतं सांगायचं तर काळ अजून पूर्ण हातातून गेलेला नाही. १९९५ साली जो पंचविशीचा फायरमन होता, तो आज पंचावन्नच्या पुढे आहे. म्हणजे जाणत्या हातांची शेवटची फळी आपल्यात आहे. भुसावळला, मूर्तिजापूरला, कुर्डुवाडीला, पुण्याला. त्यांच्याकडे मोबाईल घेऊन जा आणि गोष्टी नकोत, काम विचारा. जाळ कसा लावायचा, पाणी कसं राखायचं, गाळ कसा काढायचा. चौथऱ्यावर इंजिन असेल तिथं महिन्यातून एक रविवार चिंधी आणि तेल घेऊन जायची परवानगी रेल्वेकडे मागा. सुरक्षेचे नियम असतील, तर ते पाळू. टॅलिलिनवाल्यांनाही नियम होते. आयटीआयच्या मुलांना अशा एखाद्या इंजिनाच्या पोटात शिरू द्या. ती मुलं तिथं जे शिकतील ते आकृतीत शिकणार नाहीत.

आणि इंजिन नसेल तर दुसरं काहीतरी असेलच. आमच्या गावात इंजिन नाही. कुतुबखाना आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तो उघडतो. पुस्तकं उन्हाला घालतो, कपाटं पुसतो, कडुलिंबाचा पाला घालतो, फाटलेल्या पानांना पातळ कागद लावतो. पहिल्या रविवारी अकरा जण आले होते, दुसऱ्या वेळी सहा, परवा चार. टॅलिलिनचे पहिले हिवाळे कसे गेले असतील याची आता थोडी कल्पना येते. गावातले एक जुने बाइंडर आहेत, सत्तरीचे. त्यांना बोलवायला मी स्वतः गेलो. ते म्हणाले, "बीस साल में पहली बार किसी ने पूछा."

परवाच्या चौघांत तो मागच्या बाकावरचा मुलगाही होता. त्याला मी काही उपदेश केला नाही. बाइंडरचाचांनी त्याच्या हातात चिंधी दिली आणि म्हणाले, "आधी धूळ. पान उलटायचं नंतर." दोन तास तो धूळ पुसत होता. जाताना त्यानं विचारलं, पुढच्या वेळी शिवायला शिकवाल का?

पुढचा रविवार दुसरा आहे. सकाळी नऊला. जवळपास राहणाऱ्यांनी यावं. येताना जुनी सुती कापडं आणावीत.